चोवीस तास चालणाऱ्या छोट्या पंख्यांसाठी अडॅप्टर

प्रश्न : आमच्या टीव्हीखालच्या बंद कपाटात वायफाय राउटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर आहे. उन्हाळ्यात दोन्ही फार तापतात, म्हणून कपाटाच्या पाठीमागे संगणकात असतात तसे 12 व्होल्टचे दोन पंखे बसवले आहेत. प्रत्येकावर 0.18 अँपिअर असे छापलेले आहे. माझ्याकडे जुन्या सेट-टॉप बॉक्सचा 12 व्होल्ट, 1.5 अँपिअरचा अडॅप्टर आहे, आणि दुकानदार 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा एक बिननावाचा, पण स्वस्त अडॅप्टर देतो आहे. जास्त अँपिअरने पंखे जळतील का? रात्रंदिवस चालू ठेवण्यासाठी यांपैकी कोणता सुरक्षित?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अँपिअरच्या आकड्याने पंखे जळत नाहीत. अडॅप्टरवरचा तो आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती विद्युतप्रवाह देऊ शकतो याची मर्यादा. पंखा त्यातून स्वतःला लागेल तेवढाच घेतो. जुळायलाच हवेत ते व्होल्ट. तुमचे दोन पंखे समांतर (म्हणजे दोन्हींच्या धन तारा एकत्र आणि ऋण तारा एकत्र) जोडले की मिळून 0.36 अँपिअर, म्हणजे सुमारे सव्वाचार वॅट घेतील. सुरू होताना पंखा क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, शिवाय अखंड चालणारा अडॅप्टर त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच राबवावा, म्हणून 1 अँपिअरचा अडॅप्टर पुरेसा आहे आणि 1.5 अँपिअरचा अधिक निश्चिंत. अडॅप्टरमधील घट धरूनही महिन्याला जेमतेम पावणेचार युनिट वीज लागेल.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न अडॅप्टरच्या आतला आहे. भिंतीतले 230 व्होल्ट आणि पंख्याकडे जाणारे 12 व्होल्ट यांना विलग ठेवणारे इन्सुलेशन आणि सर्किट बोर्डवरचे अंतर, यावर तुमच्या हाताला झटका बसणार की नाही हे ठरते, आणि ते बाहेरून दिसत नाही. बिननावाच्या अडॅप्टरमध्ये काटकसर नेमकी तिथेच केलेली असू शकते, आणि छापलेले 2 अँपिअरही तो खरोखर देईल याची खात्री नसते. म्हणून दुकानदाराचा तो नमुना मी घेणार नाही. अशा अडॅप्टरसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत अडॅप्टरवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकून पाहावा आणि तिथे दिसणारे उत्पादकाचे नाव अडॅप्टरवरील नावाशी जुळते का, हेही तपासावे, कारण नुसता क्रमांक कोणीही छापू शकतो. एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह दुहेरी इन्सुलेशनचे असते; दोन पिनांच्या अडॅप्टरवर ते असायला हवे.

तुमचा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर या कसोट्यांना उतरत असेल, त्याला तडा गेलेला नसेल आणि त्यातून गुणगुण किंवा जळका वास येत नसेल, तर तोच वापरावा. लेबलवर ‘आउटपुट’पुढे डीसी (एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह) लिहिलेले आहे ना, तेवढे पाहावे. अगदी जुना, हाताला जड लागणारा ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर मात्र टाळावा. त्यातील अनेकांत व्होल्टेज स्थिर ठेवणारी योजना नसते आणि कमी भारावर 12 ऐवजी 15–16 व्होल्टही बाहेर पडतात.

जोडणी करताना अडॅप्टरच्या तारेच्या टोकाशी असलेल्या गोल जॅकचा मधला भाग धन आहे का, हे लेबलवरील आकृतीत पाहावे. पंख्याची लाल तार बहुधा धन, काळी ऋण आणि पिवळी वेग मोजण्याची असते, पण काही कंपन्यांच्या पंख्यांत पिवळी तारच 12 व्होल्टची असते, म्हणून रंगावर न जाता पंख्याचे माहितीपत्रक पाहावे. न लागणाऱ्या तारेचे टोक टेप गुंडाळून बंद करावे. जोड पिळून ठेवण्यापेक्षा स्क्रूचे टर्मिनल असलेला तयार जॅक वापरावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो सहज मिळतो.

आता सर्वांत दुर्लक्षित बाब : अडॅप्टर कपाटाच्या आत ठेवू नये. अडॅप्टरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे, आत द्रव असलेले छोटे डबे) उष्णतेने आतून सुकत जातात आणि तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. ज्या उष्णतेपासून राउटरला वाचवायचे, तिच्यातच अडॅप्टरला कोंडण्यात अर्थ नाही. तो थेट भिंतीतल्या घट्ट बसणाऱ्या सॉकेटमध्ये, पडद्यापासून दूर असावा. तुमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर गंज चढतो आणि सैल, गंजलेला जोड तापतो, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वीज बंद करून पिना तपासाव्यात. तासभर चालल्यावर अडॅप्टर कोमट लागणे स्वाभाविक आहे. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर तो बदलावा. धुळीने अडकलेला पंखाही तारा तापवू शकतो, तेव्हा त्याची पातीही याच वेळी पुसावीत.

प्रश्न : राउटरच्या 12 व्होल्ट मिनी यूपीएसवरच एक पंखा जोडला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : यूपीएसचे आउटपुट 2 अँपिअरचे आणि राउटरची गरज 1 अँपिअरची असेल, तर 0.18 अँपिअरचा पंखा सहज चालेल. वीज गेल्यावर राउटर थोडा कमी वेळ चालेल, एवढेच. मात्र यूपीएसच्या आत लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे तोही बंद कपाटाबाहेरच ठेवावा.