पंखा, अल्कली आणि मणी

निपाणीहून रोज बसनं ये-जा करून प्रोजेक्ट करतोयस, म्हणून कामाचं तेवढंच सांगतो. एन्झाइम बसवलेल्या मण्यांनी पेनिसिलिन जी फोडून सिक्स-एपीए (नवी पेनिसिलिनं बनवायचा गाभा) काढायचं, तर सतत चालणारी ढवळटाकी म्हटल्यावर लगेच हुरळू नकोस. अशा टाकीत आत जे असतं तेच बाहेर पडतं. ९५ टक्के रूपांतर हवं, तर एन्झाइमला सदानकदा त्या ९५ टक्क्यांच्या मालातच राबावं लागतं, आणि पेनिसिलिन फुटताना सुटलेलं फेनिलअॅसिटिक आम्लच त्याला अडवतं. एकीमागे एक दोन-तीन टाक्या जोडलेल्या बऱ्या. कारखान्यांत तर बहुधा सरळ बॅचच चालते, तळाला जाळी लावून मणी आत ठेवायचे.

मग मणी भरलेला उभा स्तंभ, ज्यातून द्रावण नुसतं वाहत जातं, तो का नको? आम्ल सुटतं तसा पीएच घसरतो, आणि भरलेल्या स्तंभात मध्येच अल्कली घालता येत नाही. टाकीत येते. पीएच ८ च्या आसपास, तापमान ३० ते ३५ ठेव. पण अल्कलीची नळी पंख्याजवळ सोड हं. थेंब वरच पडला की तिथला पीएच क्षणभर भलताच चढतो. एन्झाइम मरतो, पेनिसिलिनच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम कडंही फुटतं.

पंखा बेतानं फिरव. बाहेर येणारं द्रावण काचेच्या नळीत धरून उजेडात बघ. गढूळ दिसलं तर मण्यांचं पीठ होतंय, जाळी तुंबणार.

आणि लाइट गेली की पंखा थांबतो, पण यूपीएसवरचा अल्कली पंप चालूच राहतो. तो पंख्याशी इंटरलॉक कर, म्हणजे पंखा थांबला की पंपही थांबेल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅनेलवाले पुष्कळ आहेत की.