गिरणीच्या जमिनीचा हिशेब

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

मुंबईतल्या गिरणगावाच्या, म्हणजे बंद कापड गिरण्यांच्या भागाच्या, पुनर्विकासाचा अभ्यास करायचा म्हणतोस, तर टॉवर आणि मॉल बघत हिंडू नकोस. एकच गिरणी धर. तिचा सी.एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक) शोधून प्रॉपर्टी कार्ड काढ. क्षेत्र किती, जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, हे त्यावरच कळेल. मग महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जमिनीवर काय दाखवलंय त्याची नोंद, घे.

खरी मेख वाटणीत आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. 2001 च्या दुरुस्तीनंतर वाटे फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून सुटणारी जमीन बाहेर. कागदावर ढोबळ मानाने मांडून बघ. नऊ एकरांची गिरणी, सहा एकरांवर रिंगखातं (सूतकताई), साचाखातं (विणाई), गोदामं. पहिल्या हिशेबाने तिघांना तीन-तीन एकर. दुसऱ्याने पालिकेला एक, म्हाडाला एक, मालकाला सात! 2005 मध्ये हायकोर्टाने पाडून सुटणारी जमीनही धरायला लावली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. तेव्हा कुठल्याही गिरणीबद्दल लिहिताना तिचा आराखडा कुठल्या साली मंजूर झाला ते आधी बघ.

मग रस्त्यावर उतर. गिरणीचा कामगार पाळीप्रमाणे, बहुतेक जवळच्या चाळीतून पायी यायचा. आता गिरण्यांच्या जागी झालेल्या ऑफिसांतले लोक लोकलने येतात, तेही सगळे एकाच तासात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. पाऊस हे निमित्त. माझ्या मते दुखणं जुन्या अरुंद जिन्याचं होतं. अशा एखाद्या स्टेशनवर सकाळी नऊ ते साडेदहा टेप घेऊन उभा राहा. पुलाची नव्हे, जिन्याची रुंदी मोज, कारण गर्दी तिथेच तुंबते. मिनिटाला किती माणसं उतरतात ते लिही. पावसाचा दिवस मुद्दाम घे.

कामगारांच्या घरांचं काम कागदांवर अडतं. म्हाडाच्या सोडतीसाठी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा लागतो: तिकीट नंबर, लाल पास, पीएफ किंवा ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) क्रमांक. कामगार वारला असेल तर वारसाचे कागद आणखी. हजेरीपटावर एक नाव, गावच्या दाखल्यावर दुसरं, असं सर्रास होतं. कुणाची मुलाखत घ्यायला गेलास तर दोन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंगसकट ताडून बघ.

तुझा,
काका