2,40,000 किलोमीटर झालेली गाडी: ठेवावी की काढावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी 14 वर्षांची आहे, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, रनिंग 2,40,000 किलोमीटर. मेकॅनिकने क्लच, पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्मचे (चाक बॉडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बदलायला सांगितलेत. गाडी विकून जेवढे पैसे येतील त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च या कामालाच येतोय, म्हणून घरचे म्हणताहेत, काढून टाका.

सगळ्यात आधी ती तुलना सोडून द्या. गाडीची बाजारातली किंमत म्हणजे एखादा अनोळखी माणूस तिच्यासाठी किती पैसे मोजेल, एवढंच. तुम्हाला हवंय रोजचं जाणं-येणं. तेव्हा प्रश्न असा विचारा: या खर्चात मला आणखी किती महिने मिळतील, आणि तेवढेच महिने दुसऱ्या गाडीत काढायला किती लागतील? एक कागद घ्या. डावीकडे गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीवर गेलेले सगळे पैसे मांडा, टायर आणि बॅटरीसकट, आणि 36 ने भागा. उजवीकडे दुसऱ्या गाडीचा महिन्याचा हप्ता, वाढीव विमा आणि तिच्या किमतीत दर महिन्याला होणारी घट. नवी गाडी पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त किंमत गमावते, आणि नेमका हाच आकडा लोक कागदावर धरत नाहीत. मी हा हिशेब बऱ्याच जणांना करायला लावलाय. डावा आकडा उजव्यापेक्षा मोठा निघालेला क्वचितच पाहिलाय.

पण एवढ्यावर ठरवू नका, कारण खर्च किती आहे याइतकंच तो कशाचा आहे हेही महत्त्वाचं.

क्लच, शॉकअप, बुश हे सगळे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. एकदा बदलले की त्या जागी गाडी पुन्हा नव्यासारखी होते. यात गाडी ‘संपली’ असं काही नाही. क्लचच्या कामात खरे पैसे जातात ते गिअरबॉक्स खाली उतरवण्याच्या मजुरीत. म्हणून क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदला, आणि क्रॅंकचं मागचं ऑइल सील गळतंय का तेही तेव्हाच बघून घ्या. त्या सीलसाठी वर्षभराने पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यायची. गाडीत टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनशी ताळमेळात ठेवणारा पट्टा) असेल तर वॉटर पंपालाही हाच न्याय: बेल्ट बदलताना पंपही बदला. बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद सापडत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग ठेवायची की काढायची हा प्रश्नच उरत नाही.

गाडी खरोखर संपते ती दोन ठिकाणी: पत्र्यात आणि इंजिनाच्या पोटात.

पत्र्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले होते. माझी आधीची गाडी तापली, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यातलं सील) गेलं. मी हेडचं पूर्ण काम करून घेतलं, इंजिन ठणठणीत झालं. आठ महिन्यांनी गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा मागच्या सस्पेन्शनच्या बैठकीपाशी पत्रा इतका सडलेला निघाला की स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. चांगल्या इंजिनासकट ती भंगारात द्यावी लागली. तेव्हापासून मी मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी गाडी वर चढवून खालून बघतेच. दारांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, सबफ्रेम, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या. वरवरचा तांबूस थर असेल तर काळजी नको. पापुद्रे सुटत असतील किंवा दाबल्यावर पत्रा मऊ लागत असेल तर थांबा. दरवाजावरचा गंज दिसायला वाईट दिसतो, पण धोका खालच्या गंजात असतो.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, चेक करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा, नुसतं ‘ठीक आहे’ यावर समाधान मानू नका. आकडे एकमेकांच्या जवळ असणं सगळ्यात महत्त्वाचं. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. प्रेशर वाढलं तर रिंग झिजल्यात, वाढलं नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे बघायचं. सोबत घरी एक करा: सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक बघून खूण लक्षात ठेवा आणि 1000 किलोमीटरनंतर पुन्हा बघा. थोडं ऑइल कमी होणं या वयात चालतं. पण तेवढ्या अंतरात लिटरभर लागत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर त्या इंजिनावर नवा क्लच बसवू नका. कूलंट कमी होतंय, पण कुठे गळताना दिसत नाही, आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, तर आधी हेड गॅस्केटचा छडा लावा.

2,40,000 या आकड्याला मात्र एकट्याने घाबरू नका. ते अंतर सरासरी ताशी 60 च्या वेगाने झालं असेल तर इंजिन 4,000 तास चाललंय. गर्दीत ताशी 20 ने झालं असेल तर 12,000 तास, आणि क्लच-ब्रेकची झीज वेगळीच. अमेरिकेतल्या इर्व्ह गॉर्डन यांनी 1966 ची वोल्व्हो पी1800 वेळच्या वेळी देखभाल करत 2013 मध्ये 30 लाख मैलांच्या पुढे नेली होती. तेवढं कुणीच चालवणार नाही, पण देखभालीने किती फरक पडतो ते कळतं.

गाडी बदलण्याचं एक कारण मात्र मी पैशांच्या हिशेबात बसवत नाही: सुरक्षा. तुमच्या गाडीत एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे का बघा. युरोपात स्टॅबिलिटी कंट्रोल सगळ्या नव्या गाड्यांना 2014 च्या अखेरीस सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत ते नसेल. लहान मुलांना घेऊन रोज वेगाच्या रस्त्यावर जात असाल आणि यातलं काहीच नसेल, तर हिशेब जुन्या गाडीच्या बाजूने असला तरी मी बदला म्हणेन. एअरबॅग असतील तर चासी नंबर टाकून कंपनीकडे प्रलंबित रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) तपासा. ताकाता या जपानी कंपनीचे सदोष इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) उष्णता आणि दमट हवेने वर्षागणिक आणखी धोकादायक होत जातात, म्हणजे जुन्या गाडीत ही तपासणी जास्तच गरजेची.

वापरलेली दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या: तुमच्या गाडीची दुखणी तुम्हाला माहीत आहेत, त्या गाडीची नाहीत. तिचाही क्लच सहा महिन्यांत जाऊ शकतो.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. आधी लिफ्टवर खालून तपासणी आणि कॉम्प्रेशन, दोन्ही एकाच दिवशी. पत्रा घट्ट आणि आकडे जवळजवळ असतील तर तिन्ही कामं करा आणि किमान दोन वर्षं गाडी ठेवा. पत्रा गेला असेल तर एकही काम न करता, आहे त्या अवस्थेत आणि घेणाऱ्याला दोष स्पष्ट सांगून काढा. क्लच घसरत असेल तर तोवर चढावर ओझं घेऊन जाऊ नका. चारही सिलिंडरचे आकडे आले की कळवा, त्यावर पुढचं बोलू.