दोन लिनक्स संगणक, एकच फोल्डर

प्रश्न : संगणक आणि लॅपटॉप, दोन्हींवर लिनक्स आहे. फायली दोन्हीकडे सारख्या राहाव्यात. कोणती क्लाउड सेवा घेऊ?

उत्तर : गूगल ड्राइव्हचं लिनक्ससाठी अधिकृत अ‍ॅप नाही. ड्रॉपबॉक्सचं आहे, नेक्स्टक्लाउडचंही. पण दोनच यंत्रं जुळवायची तर क्लाउड हवाच कशाला? माझ्या लेखनाचं फोल्डर मी सिंकथिंग या फायली जुळवणाऱ्या प्रोग्रामवर ठेवतो. फायली थेट एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. फक्त दोन्ही एकाच वेळी चालू हवीत. मात्र याला बॅकअप समजू नका, ही माझी कळकळीची विनंती. लॅपटॉपवर फाईल पुसली की संगणकावरूनही ती जाते. म्हणून दोन्ही यंत्रांवर फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाईल व्हर्जनिंग’ (फायलींच्या जुन्या प्रती जपणं) आधी चालू करा, ते मुळात बंद असतं. मग दुसरीकडून पुसलेली फाईल ‘डॉट एसटीव्हर्जन्स’ (.stversions) या लपलेल्या फोल्डरात सापडते. शिवाय महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.