जंबेरीवर (खडबडीत सालीच्या लिंबाच्या रोपावर) भरलेले संत्र्याचे डोळे (कलमाच्या कळ्या) वाळतात. खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, बदलू की हार्मोन लावू?

तुम्ही लिहिलंय की इंदूरजवळच्या तुमच्या शेतात निम्मे डोळे वाळून जातात, तर मुळ्या फुटायची पावडर कापावर लावू का. नका लावू. त्यातलं आयबीए हे हार्मोन काडीला मुळं फुटावीत म्हणून असतं. डोळा जुळतो तो सालीखालच्या ओलसर, बुळबुळीत थरामुळे, आणि हा थर उघडा राहिला की लगेच सुकतो.

म्हणून आधी खुंट बघा. पेन्सिलीएवढा जाड हवा, आणि टी-काप (इंग्रजी T सारखा) दिल्यावर साल अलगद सुटली पाहिजे. चिकटून असेल तर झाडात रस चढलेला नाही. त्या दिवशी चाकू मिटून ठेवा. माळव्यात जानेवारीच्या कडाक्यात हेच होतं. थंडी ओसरू द्या, आधी काही दिवस खुंटांना पाणी द्या, मग भरायला बसा. डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची फांदी, निरोगी, फळाला आलेल्या झाडाची, गोलसर घ्या. पानं कापताना देठ मात्र राहू द्या. डोळा जमिनीपासून ९ इंच वर भरा आणि पट्टी घट्ट बांधा.

२-३ आठवड्यांनी त्या देठाला बोट लावा. नुसत्या स्पर्शानं गळून पडला तर डोळा लागला. वाळून तिथेच चिकटून बसला तर गेला. मागच्या बाजूला पुन्हा भरा.

खुंटाबद्दल माझं मत ठाम आहे: आपल्या भारी काळ्या जमिनीत जंबेरीचा हट्ट सोडा. वाढते झपाट्यानं, पण पाणी साचलं की जमिनीतला फायटोफ्थोरा हा रोगजंतू तिला धरतो, मग डिंक्या (खोडातून डिंक गळणं) आणि मूळकूज आलीच. रंगपूर लाईम हा लिंबाचा खुंट या रोगापुढे जास्त टिकतो, चुनखडही सोसतो. ट्रायफोलिएट (तीन पानांच्या संत्र्याचा खुंट) याच्या नादी लागू नका, चुनखडीत त्यावरची झाडं पिवळी पडतात. पिशवीत नुसती काळी माती भरू नका. वाळू आणि कुजलेलं कंपोस्ट मिसळा. इंग्रज शेतीतज्ज्ञ हॉवर्डसाहेबांनी कंपोस्टची इंदूर पद्धत आपल्याच गावात बसवली, ती कामी आणा.

हार्मोनच वापरायचं तर जिबरेलिक आम्ल रेंगाळलेल्या खुंटरोपांवर फवारा, म्हणजे ती लवकर उंच होतात. पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, पाण्यात ती नीट उतरत नाही. लागलेला डोळा झोपून राहत असेल तर त्याला शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन हे हार्मोन दाबून धरतंय. पट्टी सोडा, डोळ्याच्या जरा वर खुंट अर्ध्याहून जास्त कापा आणि शेंडा आडवा लोळवा. तो तोडू नका, त्याची पानं मुळांना पोसत राहतात. नवा फुटवा वीतभर झाला की मगच तो लोळवलेला शेंडा उडवा, आणि डोळ्याखाली जंबेरीचे फुटवे दिसतील तसे खुडत राहा.