नाहरगडावरच्या महालातली आधुनिक शिल्पं बघायला जावं का?

तुम्ही विचारलंय : "नाशिकहून जयपूरला जातोय. सोबत आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी. नाहरगडावरच्या महालात आधुनिक शिल्पं मांडतात असं ऐकलं. आम्हाला कलेतलं काही कळत नाही. तिथे वेळ घालवावा, की गड बघून खाली उतरावं?"

वेळ घालवा, आणि तासभर नाही, चांगला अर्धा दिवस काढा. मी २०१८ च्या जानेवारीत गेले होते, सोबत सासूबाई आणि नवरा. शिल्पकलेचं शिक्षण आमच्यापैकी कुणाचंच नाही. पण सासूबाईंचं माहेर तांबटांचं. जुन्या नाशकात ऐरणीच्या आवाजात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. त्या दिवशी महालात सगळ्यात जास्त कुणाला दिसलं असेल तर त्यांना.

आधी जागेविषयी थोडं, म्हणजे काय बघताय ते लक्षात येईल. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांनी १७३४ मध्ये अरवलीच्या कड्यावर हा किल्ला बांधला. आमेर, जयगड आणि नाहरगड मिळून शहराची तटबंदी पुरी होते. शिल्पं मांडली ती जागा मात्र इतकी जुनी नाही. तिचं नाव माधवेंद्र भवन. १८८० ते १९२२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सवाई माधोसिंहांनी ते आपल्या नऊ राण्यांसाठी बांधून घेतलं. मधोमध चौक, भोवती दोन मजल्यांवर नऊ सारखी घरं. प्रत्येक घराला आपली बैठक, निजायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कोठी. दारांवर नावं आहेत : सूरज प्रकाश, चंद्र प्रकाश, बसंत प्रकाश, लक्ष्मी प्रकाश... एका बाजूला राजाचा महाल, आणि तिथून बोळांनी सगळी घरं जोडलेली. राजा कुणाकडे गेला हे बाकीच्यांना कळू नये म्हणून ही रचना, असं सांगतात.

ही घरं एरवी पूर्ण रिकामी असतात. पलंग नाही, पडदा नाही, चूल नाही. आधी येऊन गेलेल्या नातेवाइकांनी आम्हाला सांगितलं होतं की वीस मिनिटांत बघून होतं, सगळ्या खोल्या सारख्याच, गच्चीवर जाऊन फोटो काढा आणि निघा. त्यांचं चुकलं नव्हतं. रिकाम्या खोलीत माणूस थांबत नाही, दारातूनच मान आत घालून पुढे जातो.

डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकार आणि खासगी संस्था यांनी मिळून याच रिकाम्या घरांत शिल्पं मांडली. निवड केली दिल्लीत कलादालन चालवणाऱ्या पीटर नागी यांनी. देशातले आणि परदेशातले मिळून वीसहून जास्त कलाकार होते. सुबोध गुप्ता होते, ज्यांनी आपल्या घराघरांतल्या स्टीलच्या डब्या-ताटल्यांची मोठमोठी शिल्पं केली. टिकल्यांनी पृष्ठभाग भरून काढणाऱ्या भारती खेर होत्या. जितीश कल्लाट होते. फ्रान्समध्ये जन्मलेल्या आर्मान यांचंही काम होतं. एकाच जातीच्या वस्तूंची रास रचायची, वाद्य उभं चिरून त्याचं ब्राँझ ओतायचं, ही त्यांची रीत. पुढे प्रदर्शनं बदलत गेली. तेव्हा मी पाहिलं तेच तुम्हाला दिसेल असं धरू नका. निघण्याआधी सध्या तिथे शिल्पं मांडलेली आहेत का, आणि असली तर कुठली, याची जयपूरमध्ये एकदा चौकशी करा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, "कळेल का?"

पहिल्या दोन खोल्यांत मीही प्रत्येक कामासमोर उभी राहून "याचा अर्थ काय" हेच शोधत होते. काही हाती लागेना. तिसऱ्या की चौथ्या घरात एक पितळी काम होतं. मी त्याच्या पाटीकडे निघाले, तर सासूबाई खाली वाकून त्याची कड बघत होत्या. हात पाठीमागे बांधलेले. मला म्हणाल्या, "हे ओतीव नाही गं, ठोकीव आहे. पत्रा आहे. बघ, इथे हातोडा तिरपा पडलाय."

मी वाकले. खिडकीतून उजेड आडवा येत होता आणि त्या उजेडात पितळेवर नखाएवढे चपटे डाग एकामागोमाग एक दिसत होते, माशाच्या खवल्यांसारखे. आपल्या घरातल्या मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून काढलेल्या, घंगाळावर असतात तसेच. मध्यभागी ओळी नीट होत्या, कडेला वळणावर दाट झालेल्या, कारण तिथे पत्रा वाकवायला जास्त घाव लागतात. सासूबाई त्या घावांवरून सांगत होत्या की करणाऱ्याने कुठून सुरुवात केली, कुठे पत्रा तापवून नरम केला असेल, झाळ, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, कुठे दिलीय आणि ती घासून कशी लपवलीय. पंधरा मिनिटं आम्ही त्या एका वस्तूभोवती फिरत होतो. तेवढ्या वेळात तो हातोडा मला जवळजवळ ऐकू आला. अर्थाची आठवणही राहिली नाही.

तेव्हा माझं सांगणं इतकंच, की "याचा अर्थ काय" हा प्रश्न घेऊन आत जाऊ नका. हे कशाचं आहे, कसं केलंय, इतकं जड इथवर कसं आणलं, या खोलीत कसं दिसतंय, हे विचारत फिरा. हे प्रश्न तुमच्या वडिलांना पडतील, मुलीला तर पडतीलच. हात मात्र लावायचा नाही. घामातलं मीठ पितळेवर बसलं की ठसा उमटतो आणि तो सहजी जात नाही, हे भांडी घासणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटली. शिल्पासाठी थांबल्यामुळे खोली दिसते. एका घरात दगडाच्या कामाकडे बघताना त्याच्या मागची भिंत लक्षात आली. जयपूरकडे चुन्याच्या गिलाव्याची एक रीत आहे, तिला आरायश म्हणतात. चुन्यात संगमरवराची पूड घालून थरावर थर चढवतात आणि शेवटचा थर अकीकाच्या दगडाने इतका घोटतात की भिंत काचेसारखी गार आणि चकचकीत होते. तिच्यावर खालच्या बाजूला वेलबुट्टी रंगवलेली. शिल्पाचा पुसटसा आकार त्या भिंतीत पडला होता. रिकाम्या खोलीत ही भिंत मी कधीच पाहिली नसती. आणि मग आपसूक मनात आलं की इथे एक बाई राहत होती. हीच खिडकी, हीच कोठी. शेजारी अगदी अशाच घरात दुसरी. दिवसभर काय करत असतील? नऊ जणींपैकी कुणाचं नावही मला ठाऊक नव्हतं, हे मला तिथे लागलं.

आपण नाशिककर लेणी बघून वाढलेले. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात ओसरीखाली ते यक्ष आहेत ना, अख्ख्या ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले? तिथे शिल्प आणि घर एकाच दगडातलं आहे, एकातून दुसरं काढता येत नाही. नाहरगडावर तसं नाही. तिथलं शिल्प पाहुणं आहे. भिंतीला धक्का न लावता काही महिने राहतं आणि जातं. काही पाहुणे घरात शोभतात, काही नाही. दोन-तीन खोल्यांत मला काम मुळीच पटलं नाही. इतकं मोठं आणि झगमगीत, की रंगवलेली भिंत बिचारी मागे दडली. तुम्हालाही काही नाही आवडलं तर खुशाल पुढे जा. सगळं आवडून घ्यायला आपण तिथे गेलेलो नसतो.

गच्चीवर जरूर जा. आम्ही संक्रांतीच्या आदल्या दिवशी होतो. खाली अख्ख्या जयपूरवर पतंग उडत होते, इतक्या उंचावरून ते ठिपक्यांसारखे दिसत. येवल्याची संक्रांत पाहिलेल्या माणसाला तिथून हलवत नाही. माझा नवरा इतिहासवेडा. तो तिथे उभा राहून वेगळंच बोलत होता. हा गड बांधणाऱ्या जयसिंहांचे पुत्र ईश्वरीसिंह. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज जयपूरवर आली तेव्हा त्यांनी विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, याच शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. समोर पतंग आणि कानावर हे. आणि त्याच होळकरांचा रंगमहाल आपल्या चांदवडला आहे, लाकडी खांबांवरचं कोरीवकाम, भिंतींवरची चित्रं, सगळं असलेला. नाहरगडावरून आल्यापासून चांदवडला गेले की मी त्या दालनांत जरा जास्त वेळ थांबते आणि मनाशी ठरवते, इथे काय ठेवलं तर ही भिंत दिसेल. आपल्याकडे वाडा म्हटलं की ढाल-तलवार, तोफगोळे आणि दोरीपलीकडची गादी. ते हवंच. पण एखाद्या हिवाळ्यात चांदवडच्या चौकात नाशिकच्या तांबटाने ठोकलेलं नवं काम उभं राहिलं तर मी दर आठवड्याला जाईन.

जयपूरमध्ये आहातच तर सिटी पॅलेसमधल्या गंगाजळ्या चुकवू नका, विशेषतः आई-वडिलांसाठी. माधवेंद्र भवन बांधणाऱ्या त्याच माधोसिंहांच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला निघाले तेव्हा गंगेचं पाणी सोबत न्यायला ही चांदीची भांडी घेतली. एकेकाचं वजन ३४५ किलो, उंची जवळजवळ माझ्या खांद्याच्या वर. सुमारे १४,००० चांदीची नाणी वितळवून केलेली आणि झाळ न देता, असं म्हणतात. रामकुंडावर येणारा माणूस गडूभर गंगा, म्हणजे आपली गोदा, घेऊन जातो, हा राजा हजारो लिटर घेऊन गेला. सासूबाई त्या गंगाजळीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आल्या, जोड शोधत. सापडला नाही. "केलंय हो कुणीतरी," एवढंच म्हणाल्या. तो दिवसभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. गडावरची शिल्पं आणि ही गंगाजळी एकाच दिवशी बघितली तर फार छान जुळतं, शक्य असेल तर तसंच करा.

आता जाण्यायेण्याचं. आम्ही मुंबई सेंट्रलहून संध्याकाळच्या गाडीने गेलो, रात्रभराच्या प्रवासानंतर जयपूर. गडावर जायला दोन वाटा. जुन्या शहरातून चढाची फरसबंदी पायवाट आहे, जवळची पण दमवणारी. आई-वडिलांना ती नको. मोटारीचा रस्ता आमेरच्या वाटेवरून, जलमहालाच्या पुढून वळतो आणि जंगलातून फिरत वर येतो, लांब पडतो. पहिल्या दिवशी आमच्या गाडीवाल्याने आधी दोन दुकानांत फिरवलं आणि वर पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. खोल्यांतला उजेड उतरत होता, आम्ही निम्म्यातच परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो आणि मी वर सांगितलेलं जे काही दिसलं ते या दुसऱ्या दिवशी. म्हणून गाडी ठरवतानाच सांगा, आधी नाहरगड, बाकी नंतर. सकाळचा तिरपा उजेड खोल्यांत येतो तो दुपारी राहत नाही. गडावर मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालयही आहे. मुलीने हट्ट धरला तर दाखवा, पण महाल आटोपल्यावर. माकडं आहेत, खाऊ पिशवीत झाकून ठेवा. आमेर, हवामहल, जंतरमंतर आणि नाहरगड मिळून एकत्र तिकीट मिळतं, दोन दिवस फिरायचं असेल तर तेच घ्या. वरच्या मजल्याचे जिने अरुंद आहेत, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर खालची घरं सावकाश बघू द्या, घाई करू नका.

आणि निघण्याआधी एक काम करा. मुलीला घेऊन एखाद्या सकाळी जुन्या नाशकात तांबटाच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा. परवानगी मागितलीत तर आत बसूही देतील. सपाट पत्र्याची वाटी होताना तिने एकदा पाहिली, की नाहरगडावर तिला काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. तीच तुम्हाला हाताला धरून वाकायला लावेल.