मातीच्या नळ्या आणि केसाळ माशा

प्रश्न: आम्ही अमेरिकेत मेरीलँडला राहतो, मागे एक जुनी शेड आहे तिची चिमणी दगड आणि चिकणमातीची. मे महिन्यापासून त्या मातीतून बोटाएवढ्या नळ्या बाहेर आल्यात, तोंडं खाली वाकलेली, आणि भुंग्यासारख्या माशा दिवसभर घोंघावतात. शेजारी म्हणतात पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. घरात लहान मुलं आहेत, काय करू?

उत्तर: फवारणी नका करू, प्लीज. छातीवर पिवळट केस आणि पोट काळं असेल तर ही अँथोफोरा अब्रप्टा, तिकडच्या पूर्व भागातली एकटी राहणारी मधमाशी. हिच्यात राणी नाही, कामकरी नाहीत, राखायला पोळं नाही, मग अंगावर धावून येईल कशाला? प्रत्येक मादीचं बीळ वेगळं, फक्त माती चांगली मिळाली की सगळ्या शेजारी शेजारी खोदतात म्हणून थवा वाटतो. नराला नांगीच नसते, मादीला असते पण हातात दाबली तरच चावेल, तेवढं मुलांना सांगून ठेवा.

नळी जवळून बघा, चिखलाच्या बारीक गोळ्या एकाला एक चिकटवलेल्या दिसतील. मादी पाणी पिऊन येते, त्याने कडक माती भिजवते, जबड्याने खरवडते आणि तोच चिखल दाराशी लावत जाते. कशासाठी, यावर मतं वेगवेगळी आहेत, कोणी म्हणतं पाऊस आत जाऊ नये म्हणून, कोणी म्हणतं परजीवी कीटकांना अडवायला.

आपल्याकडची कुंभारीण वेगळी हं, ती अळ्या कोंबते, ही पराग आणि मकरंद साठवते. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की मादी पोटातल्या ग्रंथीतून निघणारा स्निग्ध स्राव बिळातल्या अळीच्या कोठडीला आतून लावते आणि तिची अळी पराग तर खातेच पण हा लेपसुद्धा खाते!

आपल्या गावाकडच्या मातीच्या भिंतीत निळ्या पट्ट्यांची अमेगिला मधमाशी घर करते ना, वांग्या-टोमॅटोच्या फुलाला लटकून थरथरते आणि पराग पाडते, ती हिची नातेवाईकच.

जुलैपर्यंत उडणाऱ्या माशा संपतील, पिल्लं मात्र पुढच्या वसंतापर्यंत आतच असतात. त्यामुळे हिवाळ्यात भोकं बुजवू नका, ती अडकतील. चिमणी दुरुस्त करायचीच असेल तर वसंताच्या आधी जवळच, पाऊस लागणार नाही अशा जागी चिकणमातीचे ठोकळे ठेवा, या माशा अशा ठोकळ्यांत घर करतात.